तापणाऱ्या एमजीबीला रेडिएटर निवडताना: एक प्रकरण

गाडी 1965 सालची एमजीबी रोडस्टर, म्हणजे एमजी या ब्रिटिश कंपनीची उघडी स्पोर्ट्स कार. 1798 सीसीचं बी-सीरिज इंजिन, दोन एसयू कार्ब्युरेटर, वीज तयार करायला अल्टरनेटरऐवजी जुन्या पद्धतीचा डायनॅमो, आणि बॅटरीचं धन टोक बॉडीला अर्थ केलेलं, म्हणजे जोडलेलं. 1962 ते 1980 या काळात एमजीबी पाच लाखांहून जास्त बनल्या. त्यामुळे सुट्या भागांची वानवा नसते, उलट पर्याय इतके असतात की निवडणाराच गोंधळतो. गाडीमालकांचा प्रश्न एका ओळीचा होता: गाडी तापते, रेडिएटर म्हातारा झालाय, तर नवा ॲल्युमिनियमचा घ्यावा की तांब्या-पितळेचा? जोडीला विजेचा पंखा बसवायचंही त्यांनी जवळपास ठरवलं होतं.

मी उलट विचारलं, "तापते कधी?"

हे विचारल्याशिवाय रेडिएटरच्या गप्पांना अर्थ नसतो. गाडी उभी असताना किंवा मुंगीच्या पावलांनी सरकताना तापत असेल, तर बहुतेक वेळा दोष हवेचा असतो. पंखा कमी पडतो, पट्टा घसरतो, किंवा पंख्याने ओढलेली हवा रेडिएटरच्या जाळीतून न जाता बाजूच्या फटींतून निसटते. मोकळ्या रस्त्यावर, चांगल्या वेगात तापत असेल तर पंख्याचा संबंध जवळजवळ संपतो. ताशी 80 किलोमीटरला समोरून येणारा वारा कुठल्याही पंख्यापेक्षा जास्त हवा जाळीतून ढकलतो. तेव्हा शंका घ्यायची ती रेडिएटरच्या आतल्या नळ्यांवर, पाण्याच्या प्रवाहावर आणि खुद्द इंजिन गरजेपेक्षा जास्त उष्णता तयार करतंय का यावर.

मालकांनी आठवून सांगितलं ते असं: एका वेगाने बराच वेळ चालली की काटा हळूहळू वर सरकतो, लांब चढ लागला की घाईने, आणि उतारावर परत खाली येतो. रहदारीत थोडा चढतो, पण त्याची त्यांना धास्ती नव्हती. विजेचा पंखा मी तिथेच बाजूला ठेवला. ज्या वेळी गाडी तापत होती त्या वेळी त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

तरी थेट रेडिएटरवर उडी मारली नाही. आधी तपासला तापमानाचा काटा. या सालच्या एमजीबीत तेलाचा दाब आणि पाण्याचं तापमान एकाच तबकडीत दिसतं, आणि तापमानाची बाजू विजेवर चालत नाही. सिलिंडर हेडमध्ये बसवलेला एक छोटा पितळी बल्ब, त्यात चटकन वाफ होणारा द्रव, आणि तिथून डॅशबोर्डपर्यंत केसासारख्या बारीक भोकाची नळी. ही नळी चुरगळली किंवा बल्ब काढताना पिळली गेली की आतला द्रव निसटतो आणि काटा कायमचा झोपतो. म्हणून नट सोडताना बल्ब फिरणार नाही याची काळजी घेतली. बल्ब आणि थर्मामीटर गरम पाण्यात शेजारी शेजारी धरले तर काटा सुमारे सहा अंश जास्त दाखवत होता. म्हणजे भीतीचा काही हिस्सा निव्वळ तबकडीतला होता. पण सहा अंश वजा करूनही चढावर पाणी शंभरच्या घरात जात होतं, म्हणजे दुखणं खरं होतं.

मग इग्निशन. सिलिंडरांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरच्या व्हॅक्यूम युनिटची नळी तोंडाने ओढून पाहिली तर हवा सरळ आरपार आली, पडदा फाटलेला. ही जागा फार लोक तपासत नाहीत. हलक्या थ्रॉटलवर, एका वेगाने गाडी चालताना व्हॅक्यूम युनिट ठिणगी लवकर पाडतं. ते मेलं की मिश्रण उशिरा जळतं, तसंच जळत ते एक्झॉस्टच्या वाटेला लागतं आणि जी उष्णता पिस्टन ढकलण्यात खर्ची पडायची ती हेडमध्ये, म्हणजे पाण्यात उतरते. नवं युनिट बसवल्यावर सपाट रस्त्यावर फरक पडला, चढावर मात्र काटा वर जातच राहिला. मिश्रण दोन्ही कार्ब्युरेटरना ठीक होतं. हेड गॅस्केट, म्हणजे ब्लॉक आणि हेडमधली सीलची पट्टी, फुटली आहे का ते बघायला रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी धरून पाहिली. ज्वलनाचा वायू पाण्यात येत असेल तर हा द्रव पिवळा पडतो, तो निळाच राहिला. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारा झडप, 82 अंशांचा होता, गरम पाण्यात वेळेवर उघडला. खालचा होज पाइप वेग वाढवल्यावर आत चिमत नव्हता. एवढं झाल्यावरच रेडिएटरकडे वळलो.

तापमान दुरून मोजणारी इन्फ्रारेड बंदूक इथे कामाला येते, पण एक पथ्य पाळून. काळ्या रंगाच्या जुन्या तांब्या-पितळेच्या रेडिएटरवर ती भरवशाचं वाचन देते. चकचकीत ॲल्युमिनियमवर मात्र तीच बंदूक बरंच कमी तापमान दाखवते, कारण चकाकता पृष्ठभाग स्वतःची उष्णता फारशी बाहेर टाकत नाही आणि आजूबाजूचीच परावर्तित करतो. नवा ॲल्युमिनियमचा रेडिएटर बसवून "बघा, वीस अंशांनी थंड झाला" असं खुशीत सांगणाऱ्यांचा गोंधळ बऱ्याचदा इथेच असतो.

इंजिन पूर्ण गरम करून जाळीवर चौकटी चौकटीने वाचनं घेतली. वरून खाली येताना तापमान सगळीकडे सारखं उतरायला हवं. इथे खालच्या बाजूला, एका कोपऱ्यापासून जाळीच्या जवळपास तिसऱ्या हिश्श्यापर्यंतचा भाग शेजारच्या भागापेक्षा पंचवीस अंशांनी थंड होता. तिथल्या नळ्यांतून पाणी फिरतच नव्हतं.

एवढ्यावर जुन्या पद्धतीचा उपाय पुरला असता: वरच्या टाकीचा डाख सोडवायचा, टाकी उचलायची, नळ्यांमध्ये वरून गज घालून गाळ खरवडायचा आणि टाकी परत डाखायची. पण जाळीची पाती बोटाने हळूच बाजूला दाबली तर ती वाकलीच नाहीत, तुटून हिरवट भुकटी होऊन पडली. आणखी जवळून, विजेरी तिरकी धरून पाहिलं तर बऱ्याच पात्यांच्या कडा नळीला चिकटलेल्याच नव्हत्या, मध्ये केसाएवढी फट होती. पाणी नळीपर्यंत उष्णता आणतं, नळी ती पात्याला देते, पातं वाऱ्याला. मधला हा सांधा सुटला की नळी कितीही साफ असली तरी पातं नुसतं शोभेचं. गज मारून सुटलेली पाती परत जोडली जात नाहीत. शिवाय जुन्या नळ्यांच्या भिंती आधीच पातळ झालेल्या असतात आणि गजाने त्यांना भोकं पडायची शक्यता असते. साफसफाईचा पर्याय या एका निरीक्षणाने बाद झाला.

उरले तीन: मूळ टाक्या ठेवून मधला नळ्या-पात्यांचा गठ्ठा, म्हणजे कोअर, नवा घालणं, तांब्या-पितळेचा तयार नवा रेडिएटर घेणं, किंवा ॲल्युमिनियमचा.

धातूंच्या वादात आधी आकडे बघू. तांब्याची उष्णतावाहकता साधारण 400 वॅट प्रति मीटर-केल्विन, शुद्ध ॲल्युमिनियमची 235 च्या आसपास, आणि रेडिएटरसाठी वापरतात त्या मिश्रधातूंची त्याहून कमी. मग ॲल्युमिनियमचे रेडिएटर चांगले का चालतात? कारण कामगिरी पात्याच्या धातूवर एकट्यावर ठरत नाही. तांब्याची पाती पितळेच्या नळ्यांना डाखाने जोडलेली असतात. पितळेची वाहकता तांब्याच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याएवढी, आणि शिसं-कथलाच्या डाखाची तर 50 च्या घरात. ॲल्युमिनियममध्ये नळी आणि पातं भट्टीत एकदमच ब्रेझ होतात, म्हणजे वितळलेल्या ॲल्युमिनियमच्याच मिश्रधातूने जोडली जातात, मध्ये डाखाचा थर नसतो. शिवाय त्याच्या नळ्या जास्त रुंद करता येतात. तांब्या-पितळेच्या नळ्या साधारण अर्धा इंच रुंद, तर ॲल्युमिनियमच्या एक इंच किंवा त्याहून जास्त. दोन रुंद नळ्या चार अरुंद नळ्यांचं काम करतात आणि मधल्या मोकळ्या जागा वाचतात. तेव्हा नवा ॲल्युमिनियम आणि सुट्या पात्यांचं जुनं तांबं यांची तुलना करून तांब्याला नावं ठेवणं अन्यायाचं आहे. नव्या तांब्याशी तुलना केली तर फरक बराच कमी उरतो. वजनात मात्र ॲल्युमिनियम निर्विवाद पुढे. घनता 2.7, तांब्याची जवळपास 9.

या गाडीत ॲल्युमिनियमविरुद्ध माझ्या मनात दोन गोष्टी होत्या. पहिली, बसवण्याची पद्धत. या सालच्या एमजीबीत रेडिएटर बाजूच्या पट्ट्यांनी बॉडीच्या पत्र्यावर बोल्टने आवळला जातो, मधे रबर नसतं. उघडी गाडी खराब रस्त्यावर थोडी पिळवटते आणि तो पीळ थेट रेडिएटरला लागतो. डाखाचं तांबं-पितळ थोडं लवचिक असतं, आणि सांधा उघडलाच तर कुठलाही रेडिएटरवाला तो परत डाखून देतो. ॲल्युमिनियमच्या पट्टीचा वेल्ड तडकला तर ते काम प्रत्येकाच्या हातचं नाही. दुसरी गोष्ट विजेची. वेगवेगळे धातू एकाच पाण्यात असताना अर्थ खराब असेल तर प्रवाह पाण्यातून वाट काढतो, आणि त्यात पहिला बळी ॲल्युमिनियमचा जातो. व्होल्टमीटरची एक दांडी कूलंटमध्ये बुडवून, दुसरी बॅटरीच्या अर्थ टोकाला लावून, दिवे-हीटर चालू करून वाचन घ्यायचं. ॲल्युमिनियम असेल तर 0.1 व्होल्टच्या वर गेलं की सावध व्हायचं. या गाडीत दिवे लावल्यावर ते त्याच्या दुपटीहून वर गेलं. इंजिन आणि बॉडीमधली अर्थची पट्टी खाऊन निम्मी झाली होती. ती बदलली आणि आकडा खाली आला, पण साठ वर्षांच्या जुन्या वायरिंगमध्ये उद्या दुसरीकडे काय सुटेल याची हमी कोण देणार?

तयार मिळणारा नवा तांब्या-पितळेचा रेडिएटर चालला असता. पण एमजीबीत सालागणिक रेडिएटरची जागा आणि पट्ट्या बदलत गेल्या. 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात तर कारखान्याने रेडिएटर पुढे सरकवून विजेचे पंखेच दिले. "एमजीबीसाठी" एवढं लिहिलेला माल या गाडीच्या भोकांना जुळेलच असं नाही. मूळ टाक्या आणि बाजूच्या पट्ट्या मात्र धडधाकट होत्या. म्हणून ठरलं: टाक्या मूळ, कोअर नवा.

खरी निवड इथून पुढे सुरू झाली, कारण "नवा कोअर" म्हणजे एकच एक वस्तू नव्हे. नळ्यांच्या ओळी किती, नळ्यांमधलं अंतर किती, इंचाला पाती किती, हे सगळं सांगावं लागतं. न सांगितलं तर समोर जे पडलेलं असेल ते बसतं.

मालकांना जाडजूड कोअर हवा होता. कोअर घालणाऱ्या रेडिएटरच्या मिस्त्रींना त्यांनी विचारलं, "मिस्त्री, चार ओळींचा टाकता येईल ना?"

"येईल की. पण पंख्याचं पातं कुठं जाईल ते आधी बघा."

मिस्त्रींनी बोट ठेवलं ते अगदी बरोबर होतं. पंखा इंजिनवर असतो आणि इंजिन रबराच्या माउंटिंगवर. जोरात ब्रेक मारला की इंजिन पुढे झुकतं. उभ्या गाडीत पातं आणि जाळी यांच्यात बोटभर जागा दिसली तरी ब्रेक मारताना ती तेवढी राहत नाही, त्यात माउंटिंगचं रबर म्हातारं असेल तर नाहीच. पात्याने नवी जाळी सोलून काढलेली उदाहरणं थोडी नाहीत. आम्ही माउंटिंग तपासली. एक सुटत आलेलं होतं, दोन्ही बदलली.

जाडीविरुद्ध दुसरं कारण हवेचं. पहिल्या ओळीतून गेलेली हवा तापूनच दुसरीकडे जाते, दुसरीतून आणखी तापून तिसरीकडे. चौथ्या ओळीला मिळते ती इतकी गरम हवा की तिची कमाई तुटपुंजी, आणि तिच्यासाठी हवेच्या वाटेत अडथळा मात्र पुरा. रहदारीत मूळ पंख्याला जाड कोअरमधून हवा ओढणं जड जातं. म्हणजे मोकळ्या रस्त्यावरचं दुखणं थोडं कमी करायला जाऊन रहदारीतलं नवं दुखणं विकत घ्यायचं. म्हणून जाडी मूळचीच ठेवली. वाढवायचं होतं ते पात्यांच्या दाटीत आणि नळ्यांच्या संख्येत: एकाच ओळीत नळ्या जरा जवळ घेऊन, आणि इंचाला पाती मूळच्यापेक्षा सुमारे चौथ्या हिश्श्याने जास्त. त्याहून दाट केली असती तर किडे, धूळ, गवताचं बी अडकून जाळी वर्षभरात बंद झाली असती. शिवाय तेलाचा कूलर पुढेच असल्यामुळे या गाडीत जाळी समोरून धुणं तसंही अवघड.

झाकणाचा प्रश्न या सगळ्यात शेवटी येतो, पण लोक त्याला पहिला हात घालतात. या एमजीबीचं रेडिएटरचं मूळ झाकण 7 पौंडांचं (म्हणजे चौरस इंचाला 7 पौंड दाब धरणारं), पुढच्या सालांना 10 पौंडांचं आलं. दाबाने गाडी थंड होत नाही, फक्त उकळायला उशीर होतो. साधं पाणी 7 पौंडांवर साधारण 111 अंशांना उकळतं, 10 पौंडांवर 115 ला, 15 पौंडांवर 121 ला. पाण्यात निम्मं ग्लायकॉल (गोठू न देणारा कूलंटमधला द्रव) असेल तर त्यात आणखी सहा-सात अंशांची भर. 15 पौंडांचं झाकण लावून मिळणारे दहा अंश मोहात पाडतात, पण तो दाब वरच्या टाकीच्या डाखलेल्या शिवणीला, हीटरच्या जुन्या जाळीला आणि होज पाइपच्या प्रत्येक सांध्याला सोसावा लागतो. आम्ही 7 चंच ठेवलं, आणि मिस्त्रींकडून रेडिएटर पाण्यात बुडवून त्याच्या दुप्पट दाबावर बुडबुडे येतात का ते पाहून घेतलं. झाकणाचं आणखी एक: त्याचा दांडा आणि रेडिएटरच्या मानेची खोली जुळायला हवी. दांडा आखूड असेल तर रबर बैठकीवर टेकतच नाही आणि झाकणावर 7 लिहिलेलं असूनही आत दाब शून्य. नवीन झाकणाच्या रबरावर खडू लावून ते बसवून काढलं की बैठकीवर पूर्ण वर्तुळाची खूण उमटली पाहिजे. इथे उमटली.

नवा कोअर हाती येण्याआधी इंजिनचा बिडाचा ब्लॉक साफ करणं भाग होतं. ब्लॉकच्या मागच्या भागातला निचऱ्याचा नळ उघडला, एक थेंब पडला नाही. तारेने टोचत राहिल्यावर आधी लाल चिखल, मग गंजाच्या पापुद्र्यांचा लगदा आणि बऱ्याच वेळाने पाणी आलं. रेडिएटरच्या नळ्या कुठून भरल्या ते कळलं. हा गाळ न काढता नवा कोअर बसवला असता तर वर्षा-दोन वर्षांत पुन्हा तीच कहाणी. ब्लॉक दोन्ही दिशांनी धुतला, आणि पहिल्या काही आठवड्यांसाठी वरच्या होज पाइपच्या तोंडाशी, रेडिएटरकडच्या बाजूला, बारीक जाळीचा तुकडा बसवला. नंतर काढला तेव्हा त्यात चमचाभर गंज अडकलेला होता.

कूलंट घेताना रंगाकडे बघितलं नाही, कारण निळा, हिरवा, लाल यांना कुठलंही एकसारखं प्रमाण नाही. जुन्या पद्धतीचं, सिलिकेट असलेलं, डाख आणि पितळेला चालणारं असं लिहिलेलं घेतलं. प्रमाण निम्मं-निम्मं न करता एकास दोन ठेवलं: एक भाग ग्लायकॉल, दोन भाग क्षार काढलेलं पाणी. निम्मं ग्लायकॉल उणे 37 अंशांपर्यंत गोठू देत नाही खरं, पण तेवढ्याच मापात साध्या पाण्यापेक्षा साधारण दहा टक्के कमी उष्णता वाहून नेतं. उणे 17 पर्यंतचं संरक्षण मालकांना पुरेसं होतं. गंजरोधक द्रव्यं दोन वर्षांत संपतात, म्हणून तारीख लिहिलेली चिठ्ठी बॉनेटच्या आत लावली.

बसवताना रेडिएटरभोवतालच्या पत्र्यातल्या फटी फोमच्या पट्ट्यांनी बुजवल्या. काम क्षुल्लक, परिणाम मोठा. हवा नेहमी सोपी वाट धरते, आणि जाळीतून जाण्यापेक्षा जाळीच्या कडेने जाणं तिला केव्हाही सोपं.

निकाल असा: सपाट रस्त्यावर एका वेगाला पाणी 84 ते 86 अंशांवर थबकतं, म्हणजे आता तापमान रेडिएटर ठरवत नाही, थर्मोस्टॅट ठरवतो. ज्या चढावर ते शंभरकडे जायचं तिथे 92 च्या पुढे गेलं नाही. रहदारीत बराच वेळ थांबलं की 95 च्या आसपास जातं आणि तिथेच राहतं.

या शेवटच्या आकड्यामुळे मालकांनी विजेच्या पंख्याचा विषय पुन्हा काढला. मी नको म्हटलं, आणि अजूनही म्हणेन. या गाडीचा डायनॅमो ल्युकसचा सी40, पूर्ण भरात 22 अँपिअर देणारा. इंजिन आयडलवर, म्हणजे उभ्या गाडीत नुसतं हळू फिरत असताना त्याची कमाई जवळपास शून्य असते. विजेचा पंखा सहज आठ-दहा अँपिअर घेतो, आणि तो लागतो नेमका आयडलवर. म्हणजे रहदारीत तो सगळा भार बॅटरीवर. दुसरं, धन अर्थच्या गाडीत तारा नेहमीच्या सवयीने जोडल्या तर पंखा उलटा फिरतो आणि समोरून येणाऱ्या वाऱ्याशी भांडतो. जाळीच्या पुढे बसवला तर बंद असताना मोकळ्या रस्त्यावर वाट अडवतो ते वेगळंच. 95 अंश या इंजिनाला दुखवत नाहीत.

हीच गाडी नंतरच्या सालची असती, अल्टरनेटर आणि ऋण अर्थ असलेली, इंजिनाची ताकद वाढवलेली आणि ट्रॅकवर पळणारी, तर मी दोन रुंद ओळींचा ॲल्युमिनियमचा रेडिएटर रबराच्या पायांवर बसवायला सांगितला असता आणि सोबत पंखाही. आत्ताच्या गाडीत उरलेलं काम म्हणजे हीटरचा झिरपणारा नळ. नवं कूलंट भरल्यापासून त्याच्या देठाशी ओल दिसते, आणि मालकांनी पॅकिंग मागवलं आहे.